बदामी की वाळूसारखा? भिंतीच्या रंगाची पाच वक्तांची परीक्षा

शाबान महिना लागला की आपल्या मोहल्ल्यांतून पुट्टीचा आणि ताज्या रंगाचा वास येऊ लागतो. रमजानचा चंद्र दिसण्यापूर्वी घर झाडून-पुसून लख्ख व्हावे, ईदला पाहुणे येतील तेव्हा भिंती उजळ दिसाव्यात, असे प्रत्येक घराला वाटते. पूर्वी चुन्यात नीळ घालून दोन हात मारले की काम भागत असे. दरवाजा-खिडकीला हिरवा तैलरंग लावला की घर सणाला तयार. आता बहुतेक घरांतून मागणी असते ती एकाच प्रकारच्या रंगाची. फार पांढरा नको, पिवळाही नको, डोळ्यांना शांत वाटेल, डाग लगेच उठून दिसणार नाही आणि कोणत्याही पडद्याबरोबर जमेल असा रंग. त्याला दुकानदार ‘बेज’ म्हणतात.

दुकानात शेड कार्ड उघडले की या बेजच्याच पंचवीस-तीस पट्ट्या समोर येतात. त्यांतून निवडत निवडत शेवटी दोन उरतात. दोन्ही सारख्याच वाटतात. दुकानदार म्हणतो, “भाभी, दोन्हीत काही फरक नाही, कुठलाही घ्या.” घरातले पुरुष तर आधीच कंटाळलेले असतात. मग त्यातल्या एकावर बोट ठेवून मोकळे व्हायचे.

हा लेख त्या दोन पट्ट्यांविषयी आहे. कारण कार्डावर सारखे दिसणारे दोन बेज भिंतीवर गेल्यावर सारखे राहत नाहीत. एका घरात जो रंग उबदार वाटतो तोच शेजारच्या घरात मळका दिसतो. आणि घर काही दरवर्षी रंगवून होत नाही. एकदा रंग लावला की पाच-सात वर्षे तोच बघायचा असतो. वर्षभर बाजूला काढलेली रक्कम त्यात गेलेली असते. म्हणून निवडीसाठी चार दिवस जास्त दिले तर ते वाया जात नाहीत.

नावात काय दडले आहे

‘बेज’ हा शब्द फ्रेंच. न रंगवलेल्या, नैसर्गिक लोकरीच्या रंगाला तो वापरत. आपल्याकडे या रंगासाठी शब्दांची कमी कधीच नव्हती. उर्दूत बादामी आहे, संदली आहे, खाकी आहे, गंदुमी आहे. मराठीत बदामी, चंदनी, मातकट, दुधी, सायीसारखा आणि गव्हाळ. गंदुम म्हणजे गहू. म्हणजे गंदुमी आणि गव्हाळ हे दोन भाषांतले एकाच धान्याचे दोन शब्द. खाक म्हणजे धूळ, माती, त्यावरून खाकी. दोन्ही भाषा शिकवताना माझ्या लक्षात आले की आपल्या जुन्या माणसांनी हे रंग एका मापात कोंबले नव्हते. बदाम वेगळा, चंदन वेगळे, धूळ वेगळी.

रंग निवडतानाही हेच उपयोगी पडते. कार्डावरची इंग्रजी नावे विसरून जा आणि स्वतःला विचारा, हा रंग बदामाकडे झुकतो की वाळूकडे? बदामी बेजमध्ये तांबूस-पिवळी झाक असते. वाळूसारख्या बेजमध्ये राखाडी किंवा किंचित हिरवट झाक असते. ही झाक पट्टीवर लपून राहते आणि चार भिंतींवर पसरली की प्रकट होते. कारण खोलीत एका भिंतीवरून परतलेला उजेड दुसऱ्या भिंतीवर पडतो. रंग रंगाला दुणावतो, विशेषतः कोपऱ्यांत.

झाक ओळखायची सोपी युक्ती आहे. दोन्ही पट्ट्या एका कोऱ्या पांढऱ्या कागदावर शेजारी-शेजारी ठेवा आणि दुकानाच्या बाहेर, सावलीत उभे राहून पाहा. पांढऱ्याच्या सोबतीने प्रत्येक पट्टी आपला मूळ स्वभाव सांगते. एक गुलाबीसर वाटेल, दुसरी धुरकट.

डब्यात काय असते

कोणताही बेज करताना पांढऱ्या बेसमध्ये थोडे थोडे रंगद्रव्य सोडतात. पांढरेपणा येतो टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. त्यात पिवळे आयर्न ऑक्साइड, तांबडे आयर्न ऑक्साइड आणि थोडे काळे मिसळले की बेज तयार होतो. ही पिवळी आणि तांबडी ऑक्साइडे म्हणजे आपल्या गावाकडच्या पिवळ्या मातीची आणि गेरूची भावंडेच. फरक एवढाच की ती आता कारखान्यात शुद्ध करून किंवा तयार करून मिळतात. दुकानातले मशीन संगणकाच्या आज्ञेने प्रत्येक द्रव्य मोजून सोडते. तांबड्याचे प्रमाण किंचित वाढले की रंग बदामी होतो, काळे किंचित वाढले की वाळूसारखा. दोन बेजमधला सगळा झगडा या थेंबांचा आहे.

आणखी एक आकडा पाहण्यासारखा असतो. अनेक कंपन्या प्रत्येक रंगाचे ‘एलआरव्ही’ देतात. रंग आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी किती परत टाकतो, त्याचे हे माप. शून्य म्हणजे पूर्ण काळा आणि १०० म्हणजे पूर्ण पांढरा. ७० च्या आसपासचा बेज खोली उजळ ठेवतो, ५० च्या आसपासचा खोलीला भारदस्त पण थोडी अंधारी करतो. जिथे एकच खिडकी आहे आणि तीही शेजारच्या इमारतीकडे उघडते, तिथे हा आकडा जरूर विचारावा.

पण फक्त आकड्यावर जाऊ नये. एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. शर्विन-विल्यम्स ही १८६६ साली स्थापन झालेली तिथली जुनी रंग कंपनी. तिचे दोन बेज तिकडच्या घरांत फार चालतात. एकाचे नाव अ‍ॅक्सेसिबल बेज आणि दुसऱ्याचे किलिम बेज. किलिम म्हणजे तुर्कस्तान-इराणकडे विणतात ती सपाट, लव नसलेली सतरंजी. पहिल्याचा एलआरव्ही ५८, दुसऱ्याचा ५७. म्हणजे उजेडाच्या हिशेबाने दोघांत एका अंकाचा फरक. तरी भिंतीवर ते वेगळे दिसतात, कारण अ‍ॅक्सेसिबल बेज राखाडीकडे झुकतो आणि किलिम बेज नारिंगी-गुलाबी उबेकडे. आपल्या दुकानातल्या कार्डांवर नावे निराळी असतात, पण जोड्या अशाच असतात. उजळपणा सारखा आणि स्वभाव वेगळा.

खिडकी कोणत्या दिशेला आहे

रंगाला स्वतःचा उजेड नसतो. खोलीत जो उजेड येतो त्यावर तो जगतो. म्हणून कार्ड पाहण्याआधी खिडकी पाहावी.

पूर्वेच्या खोलीत सकाळी सोनेरी ऊन येते आणि दुपारनंतर उजेड सौम्य, थोडा निळसर होतो. पश्चिमेच्या खोलीचे याच्या उलट असते. सकाळी ती फिकी दिसते आणि असरनंतर पेटून उठते. दक्षिणेकडच्या खोलीत हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येते. उत्तरेच्या खोलीत वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही. तिथला उजेड आकाशाचा, एकसारखा आणि थंड असतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. परदेशी मासिकांत ‘उत्तरेच्या खोलीत कधीच ऊन येत नाही’ असे लिहिलेले असते. ते त्यांच्या देशांना लागू. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे गेलेला असतो. पुढे पावसाळी ढग येतात ही गोष्ट वेगळी. शिवाय आपला हिजरी कॅलेंडरचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. यंदा शाबानमध्ये जो उजेड आहे तो काही वर्षांनी त्याच महिन्यात नसेल. म्हणून ‘गेल्या वेळी रमजानच्या आधी हाच रंग छान दिसला होता’ हा दाखला पुरेसा नाही.

ढोबळ नियम असा सांगता येईल. उत्तरेच्या, सावलीच्या किंवा चाळीच्या बोळाकडे उघडणाऱ्या खोलीत बदामी बेज शोभतो, कारण तो थंड उजेडाला ऊब देतो. तिथे वाळूसारखा बेज लावला तर भिंती सिमेंटसारख्या उदास वाटू शकतात. पश्चिमेच्या किंवा भरपूर उन्हाच्या खोलीत वाळूसारखा बेज संयम राखतो. तिथे बदामी लावला तर असरच्या वेळी भिंती गाजराच्या हलव्यासारख्या नारिंगी दिसतील.

आणि दिवे? ट्यूबलाइट किंवा एलईडी दिव्याच्या खोक्यावर ‘के’ या अक्षरासोबत एक आकडा छापलेला असतो. २७०० किंवा ३००० म्हणजे पिवळसर उबदार उजेड, ६५०० म्हणजे पांढरा-निळसर. आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० चेच दिवे असतात, कारण त्यात खोली जास्त उजळ वाटते. या उजेडात राखाडी झाकेचा बेज आणखी थंड होतो. उलट पिवळसर दिव्याखाली बदामी बेज जास्तच पिवळा पडतो. कधी कधी तर दोन रंग एका उजेडात हुबेहूब सारखे दिसतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळे. हा आपल्या डोळ्यांचा भास नाही. दोन रंगांतली द्रव्ये वेगळी असली की असे होते. दुकानातल्या झगमगीत दिव्याखाली ‘फरक नाही’ असे दुकानदार म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याच्या उजेडात फरक नसतोच.

शेजारी कोण आहे

सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे काहिऱ्यात राहिलेल्या इब्न अल-हैसम या शास्त्रज्ञाने ‘किताब अल-मनाझिर’ हा प्रकाश आणि दृष्टी यांवरचा थोर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने एक साधे निरीक्षण नोंदवले आहे. रंगाचा तोच ठिपका पांढऱ्या वस्तूवर जास्त गडद दिसतो आणि काळ्या वस्तूवर फिका. म्हणजे डोळा रंग एकट्याने पाहत नाही, त्याच्या शेजाऱ्यासह पाहतो.

पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधल्या गोबेलँ या गालिचे आणि भिंतपट विणणाऱ्या कारखान्यात मिशेल शेव्ह्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख होता. काळ्या धाग्याचा काळेपणा कमी पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासले तेव्हा धागा उत्तम होता, शेजारच्या रंगांमुळे तो फिका वाटत होता. यावर त्याने १८३९ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

आपल्या घरात याचा अर्थ काय? भिंतीचा सर्वांत मोठा शेजारी म्हणजे फरशी. जुन्या घरात शहाबादी असेल तर ती निळसर-करडी असते. तिच्या सोबतीने बदामी बेज आणखी तांबूस वाटतो. ज्यांना तो आवडतो त्यांना ही जोडी छान दिसते. कोट्याची फरशी हिरवट असते, तिच्याजवळ गुलाबी झाकेचा बेज फारच गुलाबी होतो. नव्या फ्लॅटमध्ये क्रीम रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. त्या पिवळसर आहेत की गुलाबीसर ते आधी नीट पाहावे आणि भिंतीची झाक त्याच घराण्यातली घ्यावी. कोकणातल्या घरासमोर जांभ्या दगडाचे अंगण असेल तर तिथून येणारा उजेडच तांबूस असतो. खिडकीबाहेर आंब्याचे झाड असेल तर उजेड हिरवट येतो.

मग पडदे, दिवाण, सागवानी कपाट, भिंतीवरचा आयतुल कुर्सीचा तुगरा. हिरवा पडदा लावायचा असेल तर त्याच्या शेजारी बेज किंचित तांबूस वाटणार, हे गृहीत धरून वाळूसारखा घेतलेला बरा. गर्द मरून गालिचा आणि जानमाज असतील तर राखाडी झाकेचा बेज त्यांच्याजवळ हिरवट दिसू शकतो, तिथे बदामी जमतो. आणि छत अगदी पांढरेशुभ्र ठेवले तर त्याच्या तुलनेत बेज मळकट वाटतो. छताला मोतिया पांढरा दिला की हा दोष जातो.

अम्मींचे डोळे आणि सूनबाईंचे डोळे

रंगावरून घरात वाद होतात. सून म्हणते, “हा पिवळा दिसतोय.” सासू म्हणते, “कुठे पिवळा? चांगला पांढरट तर आहे.” दोघींनाही वाटते की समोरची मुद्दाम विरोध करते आहे.

ओळखीतल्या एका घरात हा वाद चार दिवस चालला होता. सासूबाईंना मोतीबिंदू होता. एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे बाकी. कोणीतरी त्यांना एक डोळा झाकून आणि मग दुसरा झाकून तीच पाटी पाहायला सांगितले. त्या चकित झाल्या. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला रंग वेगळा दिसत होता, राहिलेल्या डोळ्याला वेगळा. वाद तिथेच हसण्यात संपला.

याचे कारण साधे आहे. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग हळूहळू पिवळसर होते. निळा उजेड त्यातून कमी जातो. त्यामुळे फिक्या पिवळसर रंगांतले बारीक फरक वडीलधाऱ्यांना कमी जाणवतात. मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन नवे, स्वच्छ भिंग बसले की जग एकदम पांढरे-निळे दिसू लागते. पुरुषांत रंगांधळेपणाचे प्रमाण बायकांपेक्षा पुष्कळ जास्त असते, हेही लक्षात ठेवावे. अब्बांना दोन पट्ट्या खरोखरच एकसारख्या दिसत असतील तर तो त्यांचा निष्काळजीपणा नाही.

घरातल्या कामांत आपसांत मशविरा करावा ही आपली शिकवण आहे. मशविरा म्हणजे सगळ्यांना एकच दिसले पाहिजे असे नाही. प्रत्येकाला काय दिसते ते ऐकून घेऊन निर्णय करणे म्हणजे मशविरा.

वडीलधाऱ्यांच्या संदर्भात एक गोष्ट सौंदर्यापेक्षा महत्त्वाची आहे. हल्ली भिंत बेज, टाइल्स बेज, दरवाजा बेज आणि स्विचबोर्डही क्रीम अशी एकसारखी सजावट करतात. फोटोत ती छान दिसते. पण कमी दिसणाऱ्या माणसाला भिंत कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते हेच कळत नाही. पहाटे वुजूसाठी उठलेले माणूस उंबरठ्याला अडखळते. म्हणून घरात वृद्ध असतील तर दोन बेजपैकी फरशीपासून स्पष्टपणे वेगळा दिसणारा बेज निवडावा. भिंतीच्या पायथ्याची टाइल्सची पट्टी आणि दाराच्या चौकटी गडद ठेवाव्यात. स्विचबोर्डभोवती गडद कडा दिली तरी पुष्कळ सोय होते.

पाच वक्तांची परीक्षा

आता मुख्य काम. दोन रंग उरले असतील तर निर्णय दुकानात करू नये. मोबाइलवरच्या फोटोवर तर मुळीच करू नये, कारण प्रत्येक स्क्रीन आपापला रंग दाखवते. दोन्ही रंगांचे सर्वांत छोटे डबे घ्या. अनेक कंपन्या नमुन्यासाठी लहान पॅक देतात.

दोन फूट बाय दोन फुटांचे हार्डबोर्डचे किंवा प्लायचे दोन तुकडे घ्या. त्यांना आधी पांढरा प्रायमर लावा, मग प्रत्येकावर एका रंगाचे दोन हात मारा. पूर्ण वाळू द्या. इमल्शन ओले असताना फिके दिसते आणि वाळल्यावर गडद होते, त्यामुळे ओल्या रंगावर मत बनवू नका. थेट भिंतीवर पट्टे मारण्यापेक्षा या पाट्या बऱ्या. भिंतीवर जुन्या रंगाचा शेजार आड येतो, आणि पाटी खोलीभर फिरवता येते. पाटी आडवी ठेवू नका, भिंतीला टेकवून उभी ठेवा. झाक ओळखण्यासाठी दोन पाट्या शेजारी ठेवल्या तर चालेल. पण पसंती ठरवताना एका वेळी एकच पाटी पाहा, कारण भिंतीवर शेवटी एकच रंग राहणार आहे.

मग दिवसातून पाच वेळा पाहा. त्यासाठी घड्याळ लावायची गरज नाही. आपला दिवस नमाजेच्या वक्तांनी आधीच वाटलेला आहे.

फजरनंतर, उजाडू लागले की : उजेड मंद आणि निळसर असतो. राखाडी झाकेचा बेज या वेळी मेलेला वाटतो का, ते कळते.

जुहरच्या वेळी : बाहेर प्रखर ऊन, आत पसरलेला उजेड. रंग आपल्या खऱ्या रूपाच्या सर्वांत जवळ असतो.

असरनंतर : ऊन तिरपे आणि पिवळे होते. बदामी बेज नारिंगी होतो का, हे पश्चिमेच्या खोलीत आता दिसेल.

मगरिबच्या सुमारास : बाहेरचा सांजप्रकाश आणि आतला दिवा दोन्ही मिसळतात. ही सर्वांत फसवी वेळ. या वेळच्या मताला कमी वजन द्या.

इशानंतर : फक्त दिवे. मुले शाळेतून, पुरुष कामावरून आलेले असतात. बैठकीच्या खोलीत सगळे एकत्र बसतात ते याच वेळी, म्हणून त्या खोलीसाठी या मताला दुप्पट वजन द्या.

असे दोन दिवस करा. त्यातला एक दिवस ढगाळ मिळाला तर उत्तम. घरातल्या प्रत्येकाने एका कागदावर आपली पसंती लिहावी, लहान मुलांनीसुद्धा. त्यांना हे काम फार आवडते आणि नकळत प्रकाशाचा एक धडाही मिळतो. ज्या खोलीचा वापर ज्या वेळी जास्त, त्या वेळचा कौल निर्णायक माना. स्वयंपाकघराला सकाळचा, मुलांच्या अभ्यासाच्या खोलीला संध्याकाळनंतरचा.

कोणत्या खोलीला कोणता

परीक्षेचा निकाल प्रत्येक घराचा वेगळा येईल. तरी अनुभवावरून काही गोष्टी सांगता येतात.

बैठकीची खोली सावलीची असेल आणि दिवे ६५०० चे असतील तर बदामी. उन्हाची असेल तर वाळूसारखा. झोपण्याच्या खोलीत दिवा पिवळसर ठेवणार असाल तर वाळूसारखा बेजही रात्री उबदार होतो. स्वयंपाकघरात फोडणीची हळद आणि तेलाचा थर बसतो, तिथे बदामी झाकेत पिवळे डाग कमी उठून दिसतात. पण तिथे रंगापेक्षा धुता येणारे फिनिश घेणे महत्त्वाचे. मुलांच्या खोलीत जास्त एलआरव्हीचा, उजळ बेज घ्यावा म्हणजे वाचताना दिव्याचा उजेड पुरतो.

फिनिशमुळेही रंग बदलतो हे विसरू नये. तोच क्रमांक मॅट फिनिशमध्ये मऊ दिसतो आणि चकाकीच्या फिनिशमध्ये उजेड परतवतो, त्यामुळे जागा बदलली की त्याची छटा हलते. चकाकी असेल तर भिंतीवरचे उंचवटेही दिसतात. म्हणून पाटीवरचा नमुना ज्या फिनिशचा, भिंतीवरचा रंगही त्याच फिनिशचा घ्या.

दोन्ही बेज आवडले असतील तर दोन्ही वापरण्याचा मोह होतो. एका खोलीत तो टाळावा. इतक्या जवळचे दोन रंग समोरासमोर आले की ते निवडलेले वाटत नाहीत, रंग कमी पडला म्हणून दुसरा आणला असे वाटते. खोल्या वेगळ्या असतील तर चालते.

हिशेब आणि इस्राफ

रंग किती लागेल याचा हिशेब स्वतः करता आला पाहिजे. समजा खोली १० फूट बाय १२ फूट आणि उंची १० फूट. चार भिंतींची एकूण लांबी ४४ फूट, म्हणून क्षेत्रफळ ४४० चौरस फूट. त्यातून ७ फूट बाय ३ फुटांचा दरवाजा म्हणजे २१ आणि ४ फूट बाय ४ फुटांची खिडकी म्हणजे १६ वजा करा. राहिले ४०३ चौरस फूट. एका लिटरमध्ये किती जागा रंगते ते डब्यावर लिहिलेले असते. आकडा एका हाताचा आहे की दोन हातांचा ते नीट वाचा. दोन हात मिळून समजा १२० चौरस फूट असेल, तर ४०३ भागिले १२० म्हणजे सुमारे साडेतीन लिटर. चार लिटरचा डबा पुरेसा. पेंटरने दहा लिटर सांगितले तर हा हिशेब त्याच्यासमोर शांतपणे मांडावा.

एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी आणा. डबे एकापेक्षा जास्त असतील तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या, म्हणजे दोन डब्यांतला किंचित फरक भिंतीवर दिसणार नाही. रंगाचा क्रमांक, कंपनी, फिनिश आणि तारीख एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. उरलेला रंग हवाबंद झाकून ठेवा. मुलाने भिंतीवर अलिफ-बे गिरवले की तो कामाला येतो.

नमुन्याच्या दोन लहान डब्यांचा खर्च काहींना फुकट वाटतो. पण चुकीचा रंग लागला तर रंग पुन्हा, मजुरी पुन्हा, सामान हलवणे पुन्हा. नाही तर मन मारून पाच-सात वर्षे तीच भिंत बघत राहणे. आपल्या दीनमध्ये इस्राफची, म्हणजे उधळपट्टीची मनाई आहे आणि कंजुषीलाही चांगले म्हटलेले नाही. दोन्हींच्या मधला रस्ता पसंत केला आहे. विचार करून, मोजून केलेला खर्च हा त्या मधल्या रस्त्याचाच भाग आहे. ज्यांची यंदा सोय नाही त्यांनी रंगासाठी कर्ज काढू नये. एक खोली, नव्हे एकच भिंत रंगवली आणि बाकीच्या ओल्या फडक्याने पुसून घेतल्या तरी घर ईदला तयार होते. ज्या भिंतीला ओल आली आहे तिथे तर कोणताही बेज टिकणार नाही. आधी गळती थांबवावी, भिंत कोरडी होऊ द्यावी, रंगाचे नंतर पाहावे.

या आठवड्यात दुकानात जाणार असाल तर एक कोरा कागद पर्समध्ये ठेवा. खिडकीची दिशा, फरशीचा रंग आणि दिव्याच्या खोक्यावरचा आकडा त्यावर आधीच लिहून न्या. दुकानदाराने “काही फरक नाही” म्हटले तर हसून दोन्हींचे छोटे डबे मागा. पाट्या रंगवा, दोन दिवस पाच वक्त पाहा आणि मग घरच्यांना विचारून ठरवा. इन्शाअल्लाह, इफ्तारच्या दस्तरखानावर सगळे बसतील तेव्हा भिंतीकडे बघून कुणी नाक मुरडणार नाही.